कर्णबधिर शाळांसाठी क्रीडा-संच : टॅब, दिवा आणि पट्टे कसे वापरावेत

ऐकू येणारं मूल सरांचं बोलणं ऐकता ऐकता पाय कुठे टाकायचा ते बघतं. कर्णबधिर मुलाला सरांच्या खुणा किंवा पाय, एका वेळी एकच काहीतरी बघता येतं. संच कितीही चांगला असो, हे सांभाळलं नाही तर तास वाया जातो.

टॅब. चित्रफीत चालू असताना खुणा करू नका. आधी काय बघायचं ते खुणेने सांगा (‘डावा पाय’), २०-३० सेकंदांचा तुकडा दाखवा, थांबवा, मग करून घ्या. दुसऱ्यांदा निम्म्या वेगाने दाखवा. सूर्यनमस्कारात हस्तपादासनाला डोकं खाली जातं, पडदा दिसत नाही. म्हणून पुढची स्थिती वाकण्याआधीच पाठ हवी. दोन-दोन स्थिती जोडत जा. उन्हात पडदा दिसत नाही, तेव्हा चित्रफीत व्हरांड्यातच दाखवा. एका टॅबभोवती सहा ते आठ मुलं, अर्धगोलात. सगळ्या चित्रफिती टॅबमध्येच आहेत, नेट लागत नाही.

सुरुवातीचा दिवा. लाल म्हणजे जागेवर, पिवळा म्हणजे तयार, हिरवा म्हणजे पळा. मूल वाकून सुरुवात करत असेल तर दिवा जमिनीवर, त्याच्या नजरेसमोर ठेवा. खांबावर लावलात तर ते मान वर करतं आणि सुरुवात बिघडते. सकाळच्या शाळेत कोवळं ऊन काचेवर पडलं की बंद दिवाही पेटलेला वाटतो. धावपट्टी उत्तर-दक्षिण आखा.

थरथरणारे पट्टे. हे शिट्टीच्या जागी आहेत. पट्टा सैल असेल तर धावताना कंप कळत नाही. एक बोट जाईल इतपत घट्ट बांधा. पट्ट्यांना इशारा ब्लूटूथने जातो, त्याचा भरवसा सुमारे १० मीटरपर्यंतच धरा. मुलींच्या कबड्डीचं मैदान १२ × ८ मीटर असतं. मध्यरेषेच्या टोकाशी उभे राहिलात तर सर्वांत दूरचा कोपरा बरोबर १० मीटरवर येतो. फुटबॉलसाठी पट्टे घेऊ नका, तिथे मोठा झेंडाच बरा. खो-खोतही पट्टा नको. ‘खो’ ऐकू येत नाही, तेव्हा पाठीवर पूर्ण तळव्याचा ठोस स्पर्श द्यायला शिकवा. ओझरता हात लागला तर बसलेलं मूल गोंधळतं.

कोलांटउडी आणि कुस्तीआधी श्रवणयंत्र काढून कोरड्या डबीत ठेवा, घामाने ते बिघडतं. कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) असेल तर डोक्याला मार लागू शकणाऱ्या खेळांबाबत डॉक्टरांचं लेखी मत पालकांकडून आधीच घ्या. आतल्या कानाच्या दोषामुळे काही मुलांचा तोल कमी असतो. त्यांना डोळे मिटून एका पायावर उभं करू नका. करायचंच तर शेजारी आधाराला कुणीतरी हवं.

उन्हाळी सुट्टी. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, तोवर संच कुलपात असतो. बॅटऱ्या साधारण निम्म्या चार्ज करून ठेवा. पत्र्याच्या खोलीत नको, भिंत थंड राहते अशा खोलीत ठेवा. पारा ४५ अंशांवर असताना चार्जिंगला लावू नका. सुट्टीनंतर एखादा पट्टा फुगलेला दिसला तर तो चार्ज न करता आमच्याकडे परत द्या.