स्पायडर्सचा १८९९चा हंगाम: १३४ पराभवांमागचा हिशेब

२७ सप्टेंबर २०२४ला डेट्रॉईटमध्ये शिकागो व्हाइट सॉक्स हा बेसबॉल संघ ४-१ने हरला आणि त्याच्या हंगामातल्या पराभवांचा आकडा १२१वर गेला. न्यूयॉर्क मेट्सचा १९६२ सालचा १२० पराभवांचा नकोसा विक्रम मोडला. बातम्यांत मात्र या विक्रमाला एक शेपूट होतं: ‘आधुनिक काळातला’. म्हणजे १९०० नंतरचा. हे शेपूट लावावं लागतं ते एका संघापायी. १८९९ साली क्लीव्हलँड स्पायडर्स १५४ सामने खेळले, त्यांतले २० जिंकले आणि १३४ हरले.

बेसबॉलमध्ये तळाचा संघसुद्धा दहातले तीन-साडेतीन सामने जिंकून जातो. रोज सामना असतो, एखाद्या दिवशी पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, हात लागतो, समोरचा संघ आळसावतो. त्यामुळे शंभरात तेरा विजय हा निव्वळ वाईट खेळाचा आकडा वाटत नाही, आणि तो तसा नव्हताच. स्पायडर्स आदल्या वर्षी, १८९८मध्ये, ८१ सामने जिंकून नॅशनल लीगच्या बारा संघांत पाचवे आले होते. १८९५ साली त्यांनी बाल्टिमोरला हरवून टेंपल कप, म्हणजे लीगमधल्या पहिल्या दोन संघांतल्या मालिकेचा चषक, नेला होता. सलग दोन हंगाम फलंदाजीत .४००च्या वर सरासरी, म्हणजे दर दहा खेळींत चारहून जास्त हिट, राखणारा जेसी बर्केट त्यांचा होता. साय यंगही त्यांचाच. सर्वोत्तम पिचरला आज ज्याच्या नावाचा पुरस्कार देतात, तोच हा यंग.

मग एका हिवाळ्यात झालं काय? उत्तर मैदानावर नाही, मालकाच्या वहीत आहे.

फ्रँक रॉबिसन आणि त्याचा भाऊ स्टॅन्ली हे मूळचे ट्रामवाले. क्लीव्हलँडच्या रस्त्यांवर त्यांच्या ट्राम धावत. १८९१ साली त्यांनी लीग पार्क हे मैदान बांधलं, तेही आपल्याच ट्रामच्या मार्गावर. प्रेक्षकाने तिकीट काढायचं आणि येताजाता ट्रामचं भाडंही त्यांनाच द्यायचं. डोकं व्यापाऱ्याचं, यात शंका नाही. पण गल्ला भरेना. कारखान्यातल्या माणसाला सुट्टी फक्त रविवारची आणि क्लीव्हलँडमध्ये रविवारी बेसबॉल खेळायला बंदी. १६ मे १८९७ या रविवारी रॉबिसनने सामना लावून पाहिला. मैदान भरलं, पहिला डाव झाला, आणि पोलिसांनी खेळाडूंना अटक केली.

तिकडे सेंट लुईसमध्ये रविवारचा खेळ चालत असे, शहरही मोठं. तिथल्या ब्राउन्स संघाचा मालक ख्रिस फॉन डर आही हा बिअरच्या धंद्यातून वर आलेला, हौशी माणूस. १८९८मध्ये त्याच्या मैदानाला आग लागली, देणी अंगावर आली, आणि मार्च १८९९मध्ये संघ लिलावात निघाला. तो शेवटी रॉबिसन बंधूंच्या हाती गेला. एकाच लीगमधले दोन संघ एकाच मालकाकडे! आज हे ऐकूनच वकील धावतील, पण तेव्हा नियम आडवा येत नव्हता. ब्रुकलिन आणि बाल्टिमोरचंही त्याच वर्षी असंच साटंलोटं झालं होतं.

पुढचं गणित सोपं होतं. जिथे प्रेक्षक, तिथे चांगले खेळाडू. यंग, बर्केट, बॉबी वॉलेस अशी सगळी मोठी नावं सेंट लुईसला गेली आणि त्या संघाचं नाव चक्क ‘परफेक्टोज’ ठेवलं. सेंट लुईसचे नको असलेले खेळाडू क्लीव्हलँडला आले. १५ एप्रिलला हंगामाचा पहिलाच सामना या दोन संघांत झाला. परफेक्टोजनी तो १०-१ने जिंकला. स्पायडर्सनी मग ३८ सामन्यांत ८ विजय कसेबसे मिळवले, तर मालकाने त्यांचा मॅनेजर आणि चांगला फलंदाज लाव्ह क्रॉस यालाही सेंट लुईसला उचललं. त्याच्या जागी आला ऑस्ट्रेलियात जन्मलेला जो क्विन. त्याच्या वाट्याला १२ विजय आणि १०४ पराभव आले. एका टप्प्यावर ओळीने २४ पराभव. जिम ह्युई नावाच्या पिचरने ४ सामने जिंकले आणि ३० हरले. त्यानंतर एका हंगामात तीस सामने हरण्याची वेळ कुठल्याच पिचरवर आलेली नाही.

क्लीव्हलँडच्या लोकांनी तोंडाने फार आरडाओरडा केला नाही, त्यांनी मैदानाकडे पाठ फिरवली. घरच्या ४२ सामन्यांना मिळून सुमारे ६,१०० प्रेक्षक आले, म्हणजे सामन्याला दीडशेसुद्धा नाहीत. पाहुण्या संघाला गल्ल्यातला वाटा मिळायचा. या गल्ल्यातल्या वाट्यात आगगाडीचं भाडं आणि हॉटेलचा खर्चही निघेना. इतर संघ क्लीव्हलँडला यायलाच नाही म्हणू लागले. त्यामुळे घरचे सामनेही परगावी हलवावे लागले आणि स्पायडर्स परगावी तब्बल ११२ सामने खेळले. त्यांतले १०१ हरले. हा आकडा मात्र कोणी मोडू शकणार नाही, कारण आताच्या १६२ सामन्यांच्या वेळापत्रकात परगावचे सामनेच ८१ असतात. पत्रकार त्यांना ‘भटके’ म्हणू लागले होते. गावोगाव गाडीत बसून हरायला जायचं, रात्री हॉटेलात मुक्काम, सकाळी पुढचं गाव. मला या हंगामात सगळ्यात जास्त कीव येते ती क्विनची.

१५ ऑक्टोबरला सिनसिनाटीत शेवटचे दोन सामने एकाच दिवशी होते. दुसऱ्या सामन्यात क्विनने पिचिंगला उभा केला एडी कोल्ब, हॉटेलातल्या सिगारच्या स्टॉलवर काम करणारा तरुण. सिगारच्या खोक्याच्या बदल्यात त्याला संधी मिळाली असं सांगतात. कोल्बने सामनाभर पिचिंग केलं. स्पायडर्स १९-३ने हरले. अव्वल ठरलेल्या ब्रुकलिनपेक्षा ते ८४ सामन्यांनी मागे होते.

आणि एवढं सगळं ज्यांच्यासाठी केलं ते परफेक्टोज? पाचवे. स्पायडर्स आदल्या वर्षी होते त्याच जागी.

हंगाम संपल्यावर नॅशनल लीगने बाराचे आठ संघ केले. क्लीव्हलँड, लुईव्हिल, बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन यांना वगळण्यात आलं. सेंट लुईसचा संघ १९०० पासून कार्डिनल्स म्हणून ओळखला जाऊ लागला आणि आजही त्याच नावाने खेळतो. क्लीव्हलँडची मोकळी जागा नव्या अमेरिकन लीगने १९०१मध्ये भरली. तोच संघ पुढे इंडियन्स झाला. हे नाव बदलायचं ठरलं तेव्हा पर्याय म्हणून अनेक चाहत्यांनी ‘स्पायडर्स’ सुचवलं होतं. २०२२च्या हंगामापासून संघ गार्डियन्स या नावाने उतरला.