सकस वनस्पतीप्रधान आहार आणि वजन (नाशिक परिसर)

सकस वनस्पतीप्रधान आहार : पालेभाज्या, फळभाज्या, फळे, कडधान्ये, कोंड्यासकटची (पॉलिश न केलेली) धान्ये आणि थोड्या तेलबिया यांवर मुख्य भर देणारा, साखर, मैदा, तळण आणि वरून ओतलेले तेल कमी करणारा आहार. वजन उतरवण्यासाठी, तसेच मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार आटोक्यात ठेवण्यासाठी तो घेतला जातो. ‘प्लँट-बेस्ड’ ही संज्ञा अमेरिकी पोषणशास्त्रज्ञ टी. कॉलिन कॅम्पबेल यांनी १९८०च्या दशकात वापरात आणली. पुढे जोएल फुहरमन या अमेरिकी डॉक्टरांनी त्याला एक सुटसुटीत सूत्र दिले : आरोग्य म्हणजे पोषकद्रव्ये भागिले उष्मांक. सूत्र गणितासारखे काटेकोर नाही, पण विचाराची दिशा त्यातून कळते. ज्या घासात जीवनसत्त्वे, खनिजे आणि चोथा जास्त आणि उष्मांक कमी, तो घास आधी आणि जास्त.

‘आम्ही तर शाकाहारीच आहोत’ हे नाशिकमध्ये या विषयावर हमखास ऐकू येणारे वाक्य आहे, आणि गफलत तिथेच होते. साबुदाणावडा शाकाहारी आहे, जिलेबी शाकाहारी आहे, चहात बुडवलेला खारी-टोस्टही शाकाहारीच. २०१६ साली अमेरिकेतील दोन लाखांहून अधिक आरोग्य-व्यावसायिकांच्या आहाराचा दीर्घकालीन अभ्यास प्रसिद्ध झाला. अख्खी धान्ये, भाज्या, फळे, कडधान्ये असा वनस्पतीजन्य आहार सर्वाधिक घेणाऱ्यांत, तो सर्वांत कमी घेणाऱ्यांच्या तुलनेत, टाइप-२ मधुमेहाचा धोका सुमारे ३४ टक्के कमी दिसला. आहार वनस्पतीजन्यच, पण मैदा, साखर आणि गोड पेयांचा असलेल्यांत मात्र धोका सुमारे १६ टक्के जास्त होता. म्हणजे ताटात मांस नाही एवढ्यावर समाधान मानण्यात अर्थ नाही.

वजन का उतरते, हे समजायला नाशिककराला पुस्तकाची गरज नाही, द्राक्ष पुरे. १०० ग्रॅम ताज्या द्राक्षांत साधारण ७० उष्मांक असतात. तीच द्राक्षे वाळून बेदाणा झाला की १०० ग्रॅममागे ३००च्या आसपास. एक किलो बेदाण्याला चारेक किलो द्राक्षे लागतात. गेले ते पाणी. पाव किलोहून मोठा घोस खाताना माणूस मध्येच थांबतो, तेवढ्याच उष्मांकांचे बेदाणे गप्पांच्या नादात दोन मुठीत संपतात. जठराला वजन आणि आकार कळतो, उष्मांक नीटसे कळत नाहीत. पाणी आणि चोथा असलेले अन्न जठर ताणते, चावायला वेळ घेते, साखर सावकाश रक्तात सोडते आणि ‘पुरे’ हा निरोप वेळेवर पोहोचतो. काकडीत १०० ग्रॅमला जेमतेम १५ उष्मांक, कांद्यात चाळीसच्या वर थोडे. तेलात मात्र एका ग्रॅमला ९. पोह्यांवर सहज सोडलेला एक चमचा तेल ४५ उष्मांकांचा असतो, आणि त्याने पोट तसूभरही भरत नाही.

प्रयोगांतही हेच दिसले. न्यूझीलंडमधील गिसबोर्न येथे ६५ लठ्ठ किंवा जादा वजनाच्या व्यक्तींवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी तेलाचा, अख्ख्या वनस्पतीजन्य अन्नाचा आहार घेणाऱ्या गटाचे वजन सहा महिन्यांत सरासरी १२.१ किलोने घटले. मोजूनमापून खाण्याची किंवा व्यायामाची सक्ती नव्हती. अमेरिकेतील संशोधक केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २० जणांना दोन आठवडे कमी चरबीचा वनस्पतीजन्य आणि दोन आठवडे प्राणिजन्य, अत्यल्प कर्बोदकांचा आहार हवा तेवढा खाऊ दिला. वनस्पतीजन्य आहारावर असताना ती माणसे रोज सुमारे ५५० ते ७०० उष्मांक कमी खात होती आणि उपाशी असल्याची तक्रारही करत नव्हती. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत गाजलेली डॉ. श्रीकांत जिचकार आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोनदाच जेवण्याची पद्धत ‘कधी खायचे’ याभोवती फिरते. येथे प्रश्न ‘काय आणि किती प्रमाणात’ हा आहे. दोन्हींची सांगड घालणारेही पुष्कळ आहेत.

मिसळीचा प्रश्न. नाशिकच्या आहाराविषयी लिहायचे आणि मिसळ टाळायची, हे होणे नाही. रविवारी सकाळी मळ्यातल्या, चुलीवरच्या मिसळीसाठी वीस-वीस किलोमीटर गाडी हाकणारे शहर आहे हे. मिसळीचा गाभा उत्तम आहे : मोड आलेली मटकी. कोरड्या मटकीत १०० ग्रॅमला सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात, चोथा भरपूर. मोड आल्यावर त्यातील फायटेटचे, म्हणजे खनिजे अडवून धरणाऱ्या घटकाचे, प्रमाण उतरते आणि लोह, जस्त शरीराला अधिक मिळते. वर कच्चा कांदा आणि पिळलेले लिंबू. लिंबातील ‘क’ जीवनसत्त्वाने वनस्पतीतील लोह शोषायला मदत होते, म्हणजे ही जोडी कोणी आहारतज्ज्ञाने सुचवली असती तरी अशीच सुचवली असती. बिघडते ते सभोवती. काळ्या मसाल्यावर तरंगणारी तर्री, १०० ग्रॅमला ५०० हून अधिक उष्मांकांचे फरसाण, मैद्याचे दोन-चार पाव, पापड, शेवटी जिलेबी. वाडग्यात उसळ तळाशी दोन चमचे आणि वर फरसाणाचा डोंगर, हे प्रमाण उलटे केले की मिसळ या आहारात बसते : वाडगाभर उसळ, तर्री वेगळी आणि चमचाभर, फरसाण चवीपुरते, पावाऐवजी भाकरी. अस्सल खवय्ये याला मिसळ म्हणणार नाहीत, आणि त्यांचे फारसे चुकत नाही.

डोंगरपट्ट्यातील ताट. जिल्ह्याच्या पश्चिमेला पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या घाटमाथ्याच्या तालुक्यांत कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर समाजांचे रोजचे जेवण पिढ्यान्‌पिढ्या याच धर्तीचे आहे. नागलीची भाकरी, उडदाचे भुजे, खुरासणीची (कारळ्याची) चटणी आणि हंगामात रानभाजी. नाचणीला येथे नागलीच म्हणतात. गव्हासारखा चिवट चीक नागलीच्या पिठात नसतो, म्हणून ते कढत पाण्यात उकडून मळावे लागते. तळहाताने थापून तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि शेवटी निखाऱ्यावर टम्म फुगवायची. विटकरी-काळसर रंगाची ती भाकरी एक-दोनच खाल्ली जाते.

नागलीचे खरे बळ कॅल्शियममध्ये आहे, १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम. तांदूळ-गहू तिच्या जवळपासही येत नाहीत. चोथा ११ ग्रॅमच्या आसपास. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष जाहीर झाल्यापासून शहरातील दुकानांत नागलीची बिस्किटे, पापड, लाडू, कुकीज यांची रांग लागली आहे. येथे एक टोचणी लावणे भाग आहे : नागलीच्या पिठातले उष्मांक गव्हाच्या पिठाएवढेच, १०० ग्रॅमला ३२०च्या आसपास. नागलीने वजन उतरत नाही. नागलीच्या एका भाकरीसोबत दोन वाट्या भाजी खाल्ली तर उतरते. तूप-गुळात वळलेला नागलीचा लाडू हा लाडूच असतो.

पूर्वेकडे ताट बदलते. सिन्नर, येवला, नांदगाव या कमी पावसाच्या भागांत बाजरीची भाकरी आणि हुलग्याची शेंगोळी. हुलग्यात १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर प्रथिने. मालेगाव, बागलाणकडे खानदेशी वळण लागते आणि भरीत, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी येते. नाशिकचा कच्च्या पालेभाजीचा प्रकार म्हणजे मेथीचा घोळाणा. कोवळी मेथी धुऊन बारीक चिरायची, मीठ लावून हलकेच चुरायची, त्यात कांदा, हिरवी मिरची, लिंबू आणि दाण्याचे कूट. फोडणी नाही, गॅस नाही, पाच मिनिटांत ताटात. परदेशी सॅलडच्या मागे लागून दोनशे रुपयांचे लेट्यूस आणणाऱ्यांनी दहा-वीस रुपयांची मेथीची जुडी एकदा घोळून पाहावी. कूट मात्र हात राखून. शेंगदाणा सकस असला तरी मूठभर दाण्यांत दीडशेच्या वर उष्मांक असतात.

गोदावरीला नाशिककर गंगा म्हणतात आणि गंगाघाटावर बुधवारचा बाजार भरतो. आषाढ-श्रावणात शहरातील बाजारांत त्र्यंबक, हरसूल, पेठ भागांतून आलेल्या बाया रानभाज्यांचे वाटे लावून बसतात : कुर्डू, टाकळा, फोडशी, करटोली, भारंगी, चाईचा मोहर, शेवळे. भाजी कशी करायची हे विकणारीलाच विचारावे. शेवळ्यासारख्या भाजीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात. चिंच किंवा तसे आंबट न घालता शिजवली तर घशाला खाज सुटते, आणि पहिल्यांदा करणाऱ्या शहरी घराला हा अनुभव बहुतेकदा येतोच. करटोली आणि टाकळा यांना असा त्रास नाही.

ताटाचे प्रमाण. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार-मार्गदर्शिका काढली. २,००० उष्मांकांच्या दिवसासाठी त्यात कच्च्या वजनाने ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, २५० ग्रॅम धान्ये, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ३५ ग्रॅम सुकामेवा-तेलबिया, ३०० मिलिलिटर दूध किंवा दही आणि २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. ताटाचा अर्धा भाग भाजी-फळांचा. नाशिकच्या मध्यमवर्गीय घरातले ताट यापुढे ठेवले की फरक दिसतो : तीन-चार पोळ्या, वर भात, आणि बटाट्याची किंवा वांग्याची लहानशी वाटी, जी मुळात पोळी ओली करायला असते. भाजीशी पोळी खायची की पोळीशी भाजी, एवढाच काय तो मुद्दा. चारशे ग्रॅम भाजी म्हणजे एका माणसाला रोज मेथीची मध्यम जुडी, एक टोमॅटो, एक काकडी, वर वाटीभर दुधी किंवा गिलके. टोमॅटो, कांदा, कोबी, फ्लॉवर अख्ख्या देशाला पाठवणाऱ्या जिल्ह्यात हे महाग पडायला नको, पण चिरायला वेळ लागतो आणि तो वेळ घरात बहुधा एकाच व्यक्तीचा जातो. आहार-तक्त्यांत हा रकाना नसतो.

उपवास हा वेगळाच अध्याय. त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला जाणारे, श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीला फेरी घालणारे, नवरात्रात सप्तशृंगगडावर पायी जाणारे, सगळ्यांच्या फराळात साबुदाणा असतोच. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅमला ३५० उष्मांक आणि प्रथिने नावालाही नाहीत. वर तूप आणि दाण्याचे कूट. त्यापेक्षा भगर बरी, आणि नाशिक तर भगर गिरण्यांचे गाव. मात्र गिरणीत वरईचे टरफल काढून ती जितकी पांढरी करावी तितका तिचा कोंडा जातो. कमी पॉलिश केलेली, किंचित मळकट दिसणारी भगर मिळाली तर घ्यावी. उपवासाला राजगिऱ्याची भाजी आणि काकडीची दही-कोशिंबीर चालते, हे बऱ्याच घरांत विसरले जाते.

उणिवा आणि खबरदारी. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतीतून मिळत नाही. गरज अगदी थोडी, दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम, पण ती भागली नाही तर हातापायांना मुंग्या, थकवा, रक्तक्षय असे त्रास होतात. दूध-दही बेताने घेणाऱ्या शाकाहारी घरांतही त्याची कमतरता सर्रास आढळते. दूध पूर्ण सोडणाऱ्यांनी गोळी घ्यावीच लागते. ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासात दूधही वर्ज्य करणाऱ्यांत हाडे मोडण्याचे प्रमाण मांसाहाऱ्यांपेक्षा जास्त आढळले, त्यामुळे कॅल्शियम, प्रथिने आणि ‘ड’ जीवनसत्त्वाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. ओमेगा-३ या शरीराला लागणाऱ्या चरबीसाठी जवसाची चटणी हा जुना, स्वस्त मार्ग आहे. जेवणावर लगेच चहा घेतला की लोह कमी शोषले जाते; तासभर थांबावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने आहार एकदम बदलला तर साखर अचानक खाली येऊ शकते. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्याने पालेभाजीचे प्रमाण मनाने वाढवू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णाला पोटॅशियम बाधते. या तिघांनी आधी डॉक्टरांशी बोलावे.

पहाटे फिरायला जाणाऱ्यांत रसांचे वेड असते : दुधी, कारले, गव्हांकुर. रस काढला की चोथा गाळणीत राहतो आणि वजनासाठी कामाचा होता तो तोच. शिवाय कडू दुधीचा रस विषारी ठरू शकतो. त्याने मृत्यू झाल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू लागणारा रस अजिबात पिऊ नये असे बजावले होते. दुधीची भाजी करावी, आणि फोड आधी चाखून पाहावी.

भारतीयांसाठी शरीरभार निर्देशांक (बीएमआय : किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत असावी. आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास घट ही टिकणारी गती मानली जाते. पहिल्या आठवड्यात काटा झपकन खाली येतो त्यात बराचसा वाटा पाण्याचा असतो.

हे सगळे शहराचे दुखणे आहे. ज्या पेठ-सुरगाण्याचे ताट शहराने आता नावाजायला घेतले, तिथे कुपोषण हा जुना प्रश्न आहे. अन्नाचा प्रकार सकस असला तरी ते वर्षभर पुरत नाही, आणि भात-नागलीची कामे संपली की घरेच्या घरे द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. नागली भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून केलेले सत्त्व तिथे तान्ह्याला भरवतात ते वजन वाढावे म्हणून.