ड्रमच्या बुडाचे भोक आणि बोकडाच्या बरगड्या

तेलाच्या जुन्या लोखंडी ड्रममध्ये डुकराच्या बरगड्या पाच-सहा तास मंद धुरावर शिजवण्याची रीत अमेरिकेत रुळलेली आहे. मराठवाड्यात कोणी असा ड्रम तयार केला, तर बरगड्या बहुधा उस्मानाबादी बोकडाच्या आणि निखारा बाभळीचा असेल. आत घडणारे विज्ञान मात्र तेच राहील. या खटाटोपात कोळसा किती भरला याला फारसे महत्त्व नसते, सारा कारभार बुडाजवळच्या दोन-तीन भोकांतून आत जाणाऱ्या हवेवर चालतो.

200 लिटरचा ड्रम साधारण 88 सेंटिमीटर उंच असतो. तळाशी जाळीच्या टोपलीत कोळसा, त्याच्या साठेक सेंटिमीटर वर मांसाची जाळी आणि झाकणाला धुराची वाट, एवढीच त्याची रचना. 20 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेचे वजन सुमारे 1.2 किलो भरते, तर 120 अंशांना ते 0.9 किलोवर येते. ही हलकी हवा वरून निसटते आणि ताजी हवा खालून ओढली जाते. एक किलो ऑक्सिजन खर्ची पडला की नेहमीच्या कोणत्याही इंधनातून जवळजवळ 13 मेगाज्यूल उष्णता निघते, म्हणून एक किलोवॅटची धग टिकवायला मिनिटाला 16–17 लिटर हवा पुरते. भोकावरची झडप थोडी सरकवली की धग बदलते ती यामुळेच. आणि मांस पाहण्यासाठी सारखे झाकण उघडणाऱ्याच्या ड्रममध्ये निखारा भडकतो, तोही यामुळेच.

धुराची चव लाकडाला कणखरपणा देणाऱ्या लिग्निन या घटकातून येते. लिग्निन तापून तुटते, तेव्हा ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल ही सुगंधी द्रव्ये बाहेर पडतात. बाभूळ, बोर, चिंच अशा रुंद पानांच्या झाडांच्या लाकडातून दोन्ही मिळतात. खोक्यांच्या पाइनच्या फळ्यांत राळ असल्याने काजळी धरते आणि मांस कडवट लागते. लाकूड भिजवून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्यातले पाणी उडेपर्यंत ते नुसती वाफ सोडते. दाट पांढरा धूर दिसला म्हणून खूश होऊ नये, कारण तो अर्धवट ज्वलनाचा असतो. फिकट निळसर धूर हवा. चरबीचे थेंब थेट निखाऱ्यावर पडून जो खमंग वास सुटतो, त्याच धुरात बेंझोपायरीन हे कर्करोगकारक द्रव्यही असते, तेव्हा जादा चरबी आधीच छाटलेली बरी.

मांसाच्या मोठ्या तुकड्याचे तापमान सत्तर अंशांच्या आसपास येऊन तासन्‌तास अडून बसते आणि नवखा माणूस घाबरून कोळसा वाढवतो. ग्रेग ब्लॉन्डर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने चरबीचा गोळा आणि ओला स्पंज तापवून पाहिले, तेव्हा चरबी सरळ तापत गेली आणि स्पंज मात्र मांसासारखाच अडला. उन्हाळ्यात माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते, तेच कारण येथे आहे: पृष्ठभागावरचे पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते.

बोकडाच्या बरगड्या पातळ असल्याने त्यांत हा अडथळा फारसा जाणवत नाही, मात्र त्यांची अडचण वेगळीच आहे. जाडी निम्मी झाली की उष्णता मध्यापर्यंत पोचायला चौपट कमी वेळ लागतो. पण स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या कोलॅजनचे जिलेटिन होण्यास 70 अंशांच्या वर लागणारा वेळ जाडीप्रमाणे घटत नाही, आणि जनावर वयस्क असेल तर तो वाढतोच. परिणामी पातळ बरगडी मऊ होण्याआधी वाळते. म्हणून रंग धरल्यावर ती थोड्या रश्शासह फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून पुन्हा जाळीवर ठेवावी.

ड्रम निवडताना मात्र काटकसर करू नये. कीटकनाशक किंवा रसायन भरलेला ड्रम भंगारात कितीही स्वस्त मिळाला तरी नको. खाद्यतेलाच्या ड्रमलाही आतून लेप असेल, तर तो उघड्यावर जाळून, घासून काढावा लागतो. कोळशाच्या टोपलीसाठी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी वापरू नये, कारण तिच्यावरचे जस्त 419 अंशांना वितळते आणि निखारा त्याहून कितीतरी तापतो. शेवटी सर्व भोके बंद केली की कोळसा विझू लागतो, पण तोपर्यंत कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो, म्हणून ड्रम रात्रभर अंगणातच राहू द्यावा, पडवीत ओढू नये.