गोझेकचं रिंगण

जर्मनीतल्या सॅक्सनी-अनहाल्ट प्रांतात गोझेक नावाचं लहानसं गाव आहे. १९९१ साली विमानातून काढलेल्या छायाचित्रांत तिथल्या उभ्या पिकात एक भलंमोठं वर्तुळ दिसलं. बांधावर उभं राहून काहीच कळत नव्हतं. कारण साधं आहे. बुजलेल्या चराच्या जागी माती खोलवर भुसभुशीत राहते, ओल धरून ठेवते. आजूबाजूचं पीक पिवळं पडलं तरी तेवढा पट्टा हिरवा राहतो. जवळजवळ सात हजार वर्षांपूर्वीचा खंदक असा पिकानेच दाखवून दिला!

हाले विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी २००२पासून तिथे उत्खनन केलं. सुमारे ७५ मीटर व्यासाचा गोल खंदक, त्याच्या आत लाकडी मेढेकोटाची, म्हणजे ओळीने रोवलेल्या खांबांच्या कुंपणाची, दोन वर्तुळं आणि तीन दरवाजे. काळ इसवी सनापूर्वी ४९००च्या आसपासचा, म्हणजे इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्रसिद्ध शिळावर्तुळाच्या कितीतरी आधीचा. धातूची हत्यारं नसताना एवढी माती उपसली ती कशासाठी?

गढी म्हणावी, तर आत वस्तीच्या खुणा नाहीत. गुरांचा वाडा म्हणावा, तर त्यासाठी इतका खटाटोप कोण करेल? खरा धागा दरवाजांत सापडतो. २१ डिसेंबरच्या सुमारास, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, रिंगणाच्या मधोमध उभं राहिलं की सूर्य आग्नेयेच्या दरवाजात उगवतो आणि नैर्ऋत्येच्या दरवाजात मावळतो. म्हणून गोझेकला वेधशाळा म्हणतात.

मला हे उत्तर अपुरं वाटतं. सूर्य कुठवर सरकला हे पाहायला दोन काठ्या रोवल्या तरी भागतं. शिवाय उत्खननात माणसांची हाडं मिळाली, त्यांतल्या काहींवर कापल्याच्या खुणा आहेत. नुसत्या पंचांगासाठी उभारलेल्या जागेत ती कशाला येतील? तिथे काहीतरी विधी होत असावा. पुरुषभर उंचीच्या मेढींमुळे आतल्याला वर फक्त आकाश दिसणार, बाहेरच्याला आतलं काहीच दिसणार नाही. त्या कडाक्याच्या पहाटे एका फटीतून पहिलं ऊन आत शिरताना पाहायचा मान कोणाला मिळत असेल?

अशी शंभराहून जास्त रिंगणं ऑस्ट्रिया, चेकिया, स्लोव्हाकियापर्यंत सापडली आहेत. सगळ्यांचे दरवाजे काही सूर्याकडे नाहीत. आणि दोन-तीनशे वर्षांतच ती बांधणं थांबलं. गोझेकच्या मेढी कुजून गेल्या, खंदक मातीने भरला आणि त्यावर शेतं आली. २००५ साली ओकच्या नव्या मेढी रोवून तिथे ते रिंगण पुन्हा उभं केलं आहे.