गव्हर्नर, डिझेल आणि उतारावरचं न्यूट्रल

परवा उसगावला चहा पिताना शेजारच्या ट्रकमालकाचं बोलणं कानावर पडलं. "आधीच डिझेल परवडत नाय, त्यात ही गव्हर्नरची डबी, गाडी ओढत नाय आणि डिझेल जास्त खाते." बाकीच्यांनी माना डोलावल्या. पहिलं दुखणं खरं आहे, 2017 च्या जूनपासून डिझेलचा भाव कुठल्याही दिवशी बदलू शकतो आणि भाडं मात्र आधीच ठरलेलं असतं. दुसरं मात्र उलटं आहे.

केंद्राच्या 2015 च्या नियमानुसार नव्या मालवाहू गाड्यांना ताशी 80 ची आणि डंपर-टँकरना 60 ची मर्यादा घालणारा गव्हर्नर लागतो. (2018 च्या जानेवारीत आपल्या गोव्यातल्या टॅक्सीवाल्यांनी याच डबीवरून बंद केला होता, आठवत असेल.) ही डबी एवढंच करते की ठरलेला वेग आला की तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबा, इंजिनला जास्तीचं डिझेल मिळत नाही. मग ती जास्त डिझेल पिणार कुठून?

आता माझा आवडता भाग. ट्रकचं तोंड अडीच मीटर रुंद, ताडपत्रीसकट साडेतीन मीटर उंच, म्हणजे साधारण 9 चौरस मीटरची भिंतच. ही भिंत एक किलोमीटर पुढे गेली की 9000 घनमीटर हवा वाटेत येते, आणि एक घनमीटर हवेचं वजन सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे दर किलोमीटरला अकराएक टन हवा बाजूला सारायची! हळू जा की जोरात, हवा तेवढीच, पण तिला ढकलायचा वेग बदलतो आणि शाळेतलं ½mv² आठवा, ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. 60 चे 80 केले तर वेग 1.33 पट, हवेचा खर्च 1.78 पट. टायरचं घर्षण मात्र वेगाने फारसं बदलत नाही, त्यामुळे एकूण खर्च तेवढा वाढत नाही. 25 टनांच्या भरलेल्या गाडीचा माझा ढोबळ हिशोब असा, सपाट रस्त्यावर किलोमीटरला 60 ने 2.7 मेगाज्यूल, 80 ने 3.5. लिटरभर डिझेलमधले 36 पैकी 14 मेगाज्यूल चाकांपर्यंत पोचतात असं धरलं तर अ‍ॅव्हरेज 5 वरून 4 वर येतं. ताडपत्री सैल फडफडत असेल तर आणखी खाली. डिझेलच्या पाइपला लावायचं चुंबक विकतात ना, त्याने यातलं काहीएक बदलत नाही, ते पैसे ताडपत्री आवळायच्या दोरीवर घाला.

पण मालकाची बाजूही सांगतो, गोव्यात भरलेला ट्रक 80 ने पळतो तरी कुठे? पत्रादेवीपासून पोळेपर्यंत गाव, सिग्नल, स्पीडब्रेकर. 50 च्या वेगातला 25 टनांचा ट्रक थांबवला की 2.4 मेगाज्यूल ब्रेकमध्ये गरमी होऊन जातात, म्हणजे पुन्हा वेग घ्यायला साधारण 170 मिलिलिटर डिझेल, दीड ग्लास चहाएवढं, दर वेळी. चोर्ला किंवा अनमोडचा घाट चढताना तर गव्हर्नरचा संबंधच येत नाही, 600 मीटर चढलात की दहा लिटर गेलं समजा.

आणि ते दहा लिटर परत मिळवायला बरेच डायवर उतारावर न्यूट्रल मारतात. हे डोक्यातून काढाच. गिअरमध्ये असताना पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि डिझेल बंद होतं, अक्षरशः शून्य. न्यूट्रलला इंजिन चालू राहायला डिझेल लागतंच. वर गाडीला मागे धरणारी इंजिनची ओढ गेली की सगळा भार ब्रेकवर, ते तापले की पकड जाते, आणि तेव्हा गव्हर्नरही काही करू शकत नाही, कारण तो फक्त डिझेल तोडतो, ब्रेक लावत नाही. न्यूट्रलमधली गाडी उतारावर 80 ओलांडून खुशाल जाईल. घाटात राखणदार देवाला नारळ ठेवायचा तर ठेवा, पण गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच उतरवा, ज्या गिअरमध्ये चढवली असती साधारण त्याच.