बायोडाटा एक पानी की दोन पानी?

काउंटरवर आलेलं गिऱ्हाईक आधी दर विचारतं आणि मग पानं. म्हणून दराचं आधीच सांगून टाकतो. आमच्याकडे बायोडाटाचे पैसे पानावर नाहीत. एक पान होवो की तीन, टायपिंग आणि मांडणीचा दर तोच. प्रिंटचे तेवढे वेगळे. पानामागे पैसे लावले की मजकूर फुगवण्यात दुकानदाराचा फायदा आणि तुमचा तोटा.

आता पानांचं. आयटीआय, डिप्लोमा किंवा डिग्री करून नुकतेच बाहेर पडला असाल तर एक पान. नोकरीत पाच-सात वर्षं झाली असतील तरी बहुतेकांना एकच पुरतं. कामाचे प्रकार बदलले असतील, हाताखाली माणसं असतील, मोठे प्रोजेक्ट झाले असतील तर दोन. त्यापुढे जायची वेळ थोड्याच लोकांवर येते, त्यांचं खाली लिहिलं आहे.

पान भरतं कशानं?

बऱ्याचदा दुसऱ्या पानावर असतं काय, तर ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’, ठिकाण, तारीख आणि सही. ते काढलं की बायोडाटा एका पानावर आला! सही लागलीच तर कंपनीच्या फॉर्मवर घेतात. ‘आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीत हातभार लावणे’ हे उद्दिष्ट प्रत्येकाचं तेच असतं, म्हणून ते कोणी वाचत नाही. वडिलांचा व्यवसाय, धर्म, जात, छंद यांचीही गरज नाही. काही जण लग्नाचाच बायोडाटा घेऊन येतात आणि ‘यातलंच थोडं बदला’ म्हणतात. त्यातली रास, नक्षत्र आणि मामांचं गाव आम्ही न विचारता काढतो. आधार आणि पॅनचे नंबर तर लिहूच नका. हा कागद कोणाकोणाच्या हातात फिरेल, सांगता येत नाही.

दहावीचे टक्के फ्रेशरने जरूर लिहावेत. पहिली नोकरी झाली की शिक्षणाला दोन ओळी पुष्कळ.

जागा कशाला द्यायची?

कामाला. ‘कंपनीत व्हीएमसी ऑपरेटर म्हणून काम केले’ (व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रामवर धातू कापणारं मशीन) या ओळीतून समोरच्याला काहीच कळत नाही. मशीनचं कंट्रोल फॅनक कंपनीचं की सीमेन्सचं? सेटिंग स्वतः करत होता की फक्त लोडिंग-अनलोडिंग? टूल ऑफसेट देता येतो का? ड्रॉइंग वाचता येतं का? मायक्रोमीटर, बोअर गेज हातात घेतलेत का? कुठल्या धातूचे पार्ट, दिवसाला किती? मुलाखतीला बसलेला सुपरवायझर नेमकं हेच शोधत असतो, आणि एवढं सगळं चार ओळींत मावतं. नर्सिंगच्या मुलींनीही ‘स्टाफ नर्स’ एवढ्यावर थांबू नये. वॉर्ड कोणता, किती खाटांचा, व्हेंटिलेटरवरचे पेशंट सांभाळलेत का, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का, हे हवं.

तीन कंपन्यांत एकच काम केलं असेल तर ते तीनदा लिहू नका. शेवटच्या नोकरीचं सविस्तर, आधीच्यांचं नाव, हुद्दा आणि तारखा.

फॉन्ट आठ पॉइंटवर आणून, समास पुसून एका पानात कोंबायला सांगितलंत तर आम्ही नाही म्हणतो. एचआरवाले पीडीएफ पुष्कळदा मोबाइलवरच उघडतात. दहाच्या खाली अक्षर नको. मावत नसेल तर सरळ दुसरं पान घ्या. वॉक-इनला दोन पानं नेणार असाल तर पाठपोट प्रिंट काढू नका, स्कॅन करताना मागची बाजू राहून जाते. दोन्ही पानांवर नाव आणि मोबाइल नंबर असू द्या.

ज्यांचा बायोडाटा लांबच असतो

बोटीवर जाणाऱ्यांचा पहिला. रत्नागिरीत ही मंडळी पुष्कळ. प्रत्येक कॉन्ट्रॅक्टचं जहाजाचं नाव, प्रकार, ग्रॉस टनेज, रँक, साइन-ऑन आणि साइन-ऑफच्या तारखा. इंजिन विभागात असाल तर मेन इंजिनचा मेक आणि किलोवॅटसुद्धा. सीडीसी (बोटीवरच्या माणसाचं सरकारी नोंदणी पुस्तक), इंडोस नंबर (त्याचा सरकारी ओळख क्रमांक), एसटीसीडब्ल्यूचे म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे लागणारे कोर्स आणि त्यांची मुदत, हे वेगळं लिहायचं. हा तक्ता तीन पानं गेला तरी त्यातलं एक जहाज गाळायचं नाही. सी-सर्व्हिसमध्ये, म्हणजे बोटीवरच्या नोकरीत, खंड दिसला की विचारणा होते.

कॉलेजात प्राध्यापकपदासाठी अर्ज करणाऱ्यांचंही तसंच. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत शोधनिबंधांना गुण आहेत, त्यामुळे यादी पूर्ण द्यावीच लागते. इथे पानं मोजत बसू नका.

गल्फसाठी एजंट फोटो, पासपोर्टची मुदत, ईसीआर की ईसीएनआर (काही देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागणारा पासपोर्ट की न लागणारा) हे मागतात, ते घालतो. अमेरिकेसाठी उलट: फोटो नाही, जन्मतारीख नाही, आणि नवख्याला एकच पान. एमपीएससी किंवा पवित्र पोर्टलवरच्या शिक्षक भरतीसाठी माहिती ऑनलाइन अर्जातच भरायची असते. त्यासाठी बायोडाटा करून घेऊ नका.

येताना आणा

अनुभवाचे दाखले, जॉइनिंग आणि रिलीव्हिंगच्या तारखा, आणि ज्या जागेसाठी अर्ज करायचा तिची जाहिरात. मोबाइलमधला फोटो चालेल. जाहिरात हातात असली की काय ठेवायचं आणि काय काढायचं हे दहा मिनिटांत ठरतं. काम झाल्यावर पीडीएफसोबत वर्ड फाइलही देतो, ती स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा. नंबर किंवा पत्ता बदलला तर तेवढी दुरुस्ती आम्ही फुकट करून देतो.