रोटर दिसतो तसाच, ठिणगी मात्र गायब

पुण्याच्या नाना पेठेत जुन्या गाडीचा पार्ट मागितला की काउंटरमागून बहुतेकदा उलटा प्रश्न येतो, "कुठला दाखवू? कंपनीचा, लोकल, की त्याहून स्वस्तातला?" तिन्ही शेजारी ठेवले तर डोळ्यांना फारसा फरक कळत नाही. माप तेच, भोकं तिथेच, रंगही तोच. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

गाडी प्रीमियर पद्मिनी असेल तर 'कंपनीचा' या उत्तराला तसा अर्थही उरत नाही. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून आलेली आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणून ओळखली गेलेली ही गाडी बंद होऊन आता जवळपास पाव शतक झालं. ॲम्बेसेडर २०१४ मध्ये थांबली. आकुर्डीहून निघणारी बजाजची गिअरची चेतक स्कूटरही कधीच बंद झाली. अशा गाडीचा कोरा करकरीत 'ओरिजिनल' पार्ट समोर आला, तर तो एकतर वीस-तीस वर्षं गोदामात पडून होता किंवा डब्यावरचं नाव खोटं आहे.

आपण सगळे पकडतो ते खोटं नाव. होलोग्राम बघतो, छपाई पुसट आहे का ते तपासतो. ट्रेड मार्क कायदा, १९९९ नुसार दुसऱ्याचं नाव छापणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे, हेही खरं. पण माझ्या मते जुन्या गाडीवाल्याचं जास्त नुकसान करतो तो स्वतःच्याच नावानं, राजरोस विकला जाणारा हलका माल. त्यात कुणाचीच फसवणूक दिसत नाही, कारण पार्ट कशाचा असायला हवा होता हेच कुणाला ठाऊक नसतं. मूळ ड्रॉइंगवर मापांच्या शेजारी पदार्थ कोणता, तो किती कडक हवा, भट्टीत कसा तापवायचा हे लिहिलेलं असतं. आज नक्कल करणाऱ्याच्या हातात ते ड्रॉइंग नसून कुठल्यातरी गाडीतून काढलेला झिजका नमुना असतो. नक्कल करणारा झीजही मोजतो आणि झिजेसकट माप उतरवतो. पुढचा कारखाना त्याच्या पार्टवरून नक्कल करतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यासारखं दर पिढीत माप थोडं थोडं सरकत जातं.

माप सरकलं तर निदान व्हर्नियरला सापडतं. पदार्थाचा घोळ त्यालाही सापडत नाही, आणि त्याचं सगळ्यात मजेदार उदाहरण म्हणजे रोटर.

डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली फिरणारा रोटर म्हणजे अंगठ्याएवढा प्लॅस्टिकचा तुकडा आणि त्यावर पितळेची पट्टी. बॅटरीचे व्होल्ट वाढवणाऱ्या कॉइलकडून आलेले पंधरा-वीस हजार व्होल्ट ही पट्टी पाळीपाळीनं चारही प्लगांकडे पाठवते. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. पट्टीखाली काही मिलिमीटरवरच डिस्ट्रिब्युटरचा पोलादी शाफ्ट असतो, आणि तो इंजिनच्या धातूला म्हणजे अर्थला जोडलेला असतो. प्लगच्या फटीतून उडी मारण्यापेक्षा शाफ्टकडे जाणं सोपं असेल तर वीज शाफ्टकडेच जाणार. तिला अडवायला मधे असतं ते फक्त प्लॅस्टिक.

पूर्वी हे प्लॅस्टिक बेकेलाइटच्या जातीचं असे. लिओ बेकलँडनं १९०७ मध्ये शोधलेला हा पदार्थ विजेच्या सामानात इतकी वर्षं टिकला तो उगाच नाही. स्वस्त रोटरमध्ये साधं प्लॅस्टिक येतं आणि काळा रंग यावा म्हणून त्यात कार्बन ब्लॅक, म्हणजे कारखान्यात बनवलेली बारीक काजळी, सढळ हातानं घातली जाते. कार्बन वीज वाहून नेतो. काजळी थोडी असते तोवर तिचे कण प्लॅस्टिकमध्ये सुटे सुटे राहतात आणि वीज अडते. प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की कण एकमेकांना टेकून आरपार साखळ्या तयार होतात. मग विरोध हळूहळू कमी होत नाही, एकदम लाखो पटींनी कोसळतो. मर्यादेच्या जरा अलीकडचा रोटर थंड इंजिनावर नीट चालतो आणि सिंहगडाच्या चढावर मान टाकतो.

एकदा वीज आरपार गेली की त्या वाटेवरचं प्लॅस्टिक जळतं. जळलेलं प्लॅस्टिक म्हणजे पुन्हा कार्बनच, त्यामुळे वाट कायमची पक्की होते. बाहेरून सुईच्या टोकाएवढाही डाग दिसेलच असं नाही. मल्टिमीटर लावला तर तोही 'सगळं ठीक' म्हणतो, कारण तो जेमतेम काही व्होल्टवर मोजतो. ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांच्या मालकांनी हा त्रास इतका काढला की तिथे काजळी टाळून बनवलेले, शाफ्टजवळ जाणारा रिव्हेट नसलेले लाल रोटर आले. लाल रंगानं मात्र काही सिद्ध होत नाही. लाल रंगाची नक्कल तर सगळ्यात सोपी.

रोटरच्या शेजारचा कंडेन्सरही असाच दगा देतो. पॉइंट, म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणारा-तोडणारा संपर्क, उघडतो त्या क्षणी कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यात काहीशे व्होल्टचा झटका येतो, तो कंडेन्सर पोटात घेतो. त्यामुळे पॉइंट जळत नाहीत आणि ठिणगी जोरकस पडते. आत गुंडाळलेल्या पन्नीला वायर नीट झाळलेली नसेल, नुसती दाबून बसवलेली असेल, तर उष्णतेनं संपर्क सुटतो. गाडी गरम झाली की बंद, अर्ध्या तासानं पुन्हा चालू. मेकॅनिक बिचारा कार्ब्युरेटर खोलतो, पेट्रोलचा पंप बदलतो, आणि तोवर कंडेन्सर थंड होऊन साळसूद झालेला असतो.

रबराची गोष्ट जुनी आहे. चार्ल्स गुडइयरनं १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवलं आणि रबराच्या लांब साखळ्या गंधकाच्या पुलांनी एकमेकींना बांधल्या गेल्या. हे पूल पुरेसे बनायला ठरावीक तापमान आणि ठरावीक वेळ लागतो. साच्यातून पार्ट लवकर काढला तर तेवढ्या वेळात जास्त नग निघतात, पण पूल कमी बनतात आणि रबर लिबलिबीत राहतं. शिवाय रबर महाग, खडूची पूड स्वस्त. ती जास्त मिसळली की वजन भरतं, पार्टला टणकपणाही येतो, फक्त वाकवल्यावर चीर पडते.

त्याहून घातक म्हणजे चुकीच्या जातीचं रबर. पेट्रोल आणि इंजिन ऑइलजवळ नायट्राइल रबर लागतं. ब्रेक ऑइल नावाला ऑइल असलं तरी ते ग्लायकॉलच्या जातीचं रसायन, त्याला ईपीडीएमसारखं रबर लागतं. अदलाबदल केली की रबर द्रव शोषून फुगतं. व्हील सिलिंडरमधला कप फुगला की पेडल सोडल्यावरही ब्रेक सुटत नाही. दोन्ही रबरं काळी, दोन्हींची किंमत वेगळी, आणि पाकिटावर बहुधा नुसतं 'रबर किट'.

धातूत चोरी होते ती भट्टीतल्या तासांची. पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी गजन पिन वरून काचेसारखी कडक आणि आतून चिवट हवी. त्यासाठी कमी कार्बनचं पोलाद सुमारे ९२५ अंश सेल्सिअसला कार्बनयुक्त वातावरणात ठेवतात. कार्बन पृष्ठभागातून हळूहळू आत झिरपतो आणि मग एकदम थंड करून वरचा थर कडक करतात. या झिरपण्याचा नियम कारखानदाराला महागात पडणारा आहे: थर दुप्पट जाड हवा असेल तर वेळ चौपट. उलट थर निम्मा चालवून घेतला तर भट्टीचा पाऊण वेळ वाचतो! पॉलिश केल्यावर दोन्ही पिना सारख्याच चमकतात.

घरी काय तपासता येईल? पिनेच्या टोकावर नवी कानस फिरवून बघा. कडक पृष्ठभागावर ती घसरते, मऊ असेल तर चावते. थर किती खोल आहे हे मात्र कानस सांगत नाही. रबराचा एखादा जादा तुकडा ज्या द्रवात काम करणार त्याच द्रवात दोन-तीन दिवस बुडवून ठेवा आणि आधीचं-नंतरचं माप व्हर्नियरनं घ्या. ब्रेकच्या रबराला ही परीक्षा ब्रेक ऑइलमध्येच द्यायची, पेट्रोलमध्ये बुडवलं तर चांगलं रबरही नापास होईल. एकाच मापाचे दोन पार्ट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. खडूची घनता शुद्ध रबराच्या जवळजवळ तिप्पट असते, त्यामुळे जास्त जड नगाबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

मग जुन्या स्टॉकमधला अस्सल पार्ट शोधावा का? धातूचा असेल तर जरूर. रबराचा असेल तर मी तो फक्त शोकेसमध्ये ठेवीन. हवेतला ओझोन रबराच्या साखळ्या तोडत असतो, पाकीट बंद असलं तरी वय थांबत नाही. आणि गाडीच्या पेट्रोल पंपातल्या त्या काळच्या रबरी डायफ्रामनं आजचं पेट्रोल पाहिलेलंच नाही. आता पेट्रोल भरायला गेलं की २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं, आणि इथेनॉलमुळे जुन्या प्रकारची बरीच रबरं फुगतात. इथे अस्सलपणाचा हट्ट धरणं म्हणजे पेट्रोल गळतीला आमंत्रण.

पुण्यात राहण्याचा एक फायदा आहे. भोसरी एमआयडीसीत लेथवाले आहेत आणि हीट ट्रीटमेंट करणारेही आहेत. पिन किंवा बुश एकेक नगही करून मिळतो, फक्त पोलादाचा ग्रेड, थराची जाडी आणि कडकपणा कागदावर लिहून द्यायचा आणि कडकपणाचा रिपोर्ट मागून घ्यायचा. रबराला साचा लागतो, आणि साचा एका गाडीसाठी परवडत नाही. दहा-पंधरा पद्मिनीवाले एकत्र आले तर परवडतो. ऑर्डर देताना नुसतं 'चांगलं रबर' म्हणून भागत नाही. 'नायट्राइल, कडकपणा ७० शोअर ए, इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारं' असं लिहावं लागतं (शोअर ए हे रबराचा कडकपणा मोजायचं माप). तेवढ्यावरून समोरचा माणूस दर वाढवून सांगेल, किंवा हे आमच्याकडे होत नाही म्हणेल. दुसरं उत्तर मिळालं तर मी त्याच्याकडेच आणखी चौकशी करीन, कारण काय होत नाही हे ज्याला कळतं त्याला रबरातलं काहीतरी कळतं.